कापरं

देऊळगाव राजाच्या बाजारात महेजबीनचं बांगड्यांचं दुकान होतं. लग्नघरी चुडा भरायला बाया तिलाच बोलवायच्या. तिच्या हातून बांगडी कधी चढली हे मनगटालाही कळत नसे.

एका हिवाळ्यात तिचा उजवा हात कापू लागला. "कापरं भरून राह्यलं," ती नवऱ्याला म्हणाली. कापरं म्हणजे थंडीचं, नाहीतर तापाचं. कय्यूमनं स्वेटर आणलं, शेगडी पेटवली. दवाखान्यातही तिनं तोच शब्द सांगितला, तापाच्या गोळ्या मिळाल्या. उन्हाळा आला तरी हात थांबेना.

वैशाखात रुक्मिणीबाईंच्या नातीचं, डिंपलचं लग्न होतं. हिरवा चुडा भरताना महेजबीनची बोटं लटलटली, काच तडकली आणि डिंपलच्या मनगटावर रक्त आलं. "बांगडी वाढली," कोणी तरी हळूच म्हणालं. पण डिंपलची मावशी मोठ्यानं बोलली, "चुड्यात रगत! असा हात काऊन बोलावला?"

रुक्मिणीबाई जवळ आल्या. "भेली का वं? थरथरून राह्यली."

"भेव नाही, बाई. हातच माह्यं आयकत नाही."

उरलेल्या बांगड्या दुसरीनं भरल्या. महेजबीन ओटीचा खण न घेताच मागच्या दारानं निघाली.

जालन्याच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली. म्हणाले, "कंपवात आहे."

"म्हंजे थंडीचंच ना?" कय्यूमनं विचारलं.

"नाही. मेंदूचा आजार. गोळ्यांनी कमी राहील, पूर्ण जाणार नाही."

परतताना बसमध्ये कय्यूमनं तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाला, "अम्मीले होता, तोच रअशा."

हा शब्द महेजबीनला समजावून सांगायची गरज नव्हती. सासूला शेवटी तिनंच चमच्यानं भरवलं होतं. अर्धी डाळ गळ्यावर सांडायची आणि म्हातारी लाजून तोंड फिरवायची. खिडकीकडे तोंड करून महेजबीन गाव येईपर्यंत रडत राहिली.

आता दुकानावर तिची सून फलक बसते. डिंपल माहेरी आली तेव्हा रुक्मिणीबाई तिला घेऊन आल्या. "तुह्याच हातानं भर," त्या म्हणाल्या.

महेजबीननं ओढणीखालून हात काढला. एक बांगडी डिंपलच्या बोटांपर्यंत नेली. काच किणकिण वाजू लागली. तिनं बांगडी फलककडे दिली.

"सुखी राह्य, पोरी," ती म्हणाली आणि आत निघून गेली.