शेवटच्या घरातली गोलकीपर

"टाक ना गो आत्या. जोरात टाक. मी काय काचेची हाय?"

राहीबाईने पदर कमरेला खोचला, खळ्याच्या कडेला पाय रोवला आणि चेंडू थेट सुनेच्या तोंडावर भिरकावला.

*

लीगमधला पहिला सामना कोल्हापूरला होता. महाडच्या मुलींनी पाच गोल खाल्ले. परतीची गाडी घाट उतरली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "सहावा तरी अडवला."

*

औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली की पोलादपूरच्या बसमध्ये मागच्या सीटवर एक बाई हातात जाडजूड मोजे घालून झोपते. मोजे नवे आहेत, बोटांना सरावायचे आहेत. शेजारणीला वाटतं, हिला थंडीताप आहे.

*

ज्या घरात सवाष्ण नाही त्या घरच्या अंगणात देवीची पालखी येते, पण टेकत नाही.

*

"तुला खेळाया का घेत नायत गो? बाकीच्या पोरी धावतायत नि तुला आपली खांबाजवळ हुबी करून ठेवलीय."

*

हे सगळं एकाच घरातलं आहे. पोलादपूरहून जीप वर येते, डांबर संपतं तिथे थांबते, आणि पुढे पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून गेलं की जांभळेवाडी. वाडीतल्या निम्म्या दारांना कुलपं, माणसं मुंबईला. पाखाडीवरून येणाऱ्याला सगळ्यात आधी लागतं ते राहीबाईचं घर. पण वाडीतली घरं मोजायची ती वरून, देवळापासून. म्हणून ते शेवटचं घर.

राहीबाईचा मुलगा राजेश भिवंडीला गोदामात कामाला आहे. सून तेजश्री महाडच्या एका औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरते आणि सावित्री महिला फुटबॉल क्लबच्या गोलात उभी राहते. लग्नाच्या बैठकीत सगळं ठरून सुपारी फुटायची वेळ आली तेव्हा मुलीने स्वतःच तोंड उघडलं होतं, "मी गोलात उभी राहते. लग्नानंतर राहू द्याल का?" राहीबाईला काही कळलं नव्हतं. ती म्हणाली, "हुबी ऱ्हा की. आमच्याकडं तरी बसून कोन ऱ्हातंय?" तो शब्द तिने पाळला. वाडीत चेंडू टाकायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून भात झोडून रिकाम्या झालेल्या खळ्यात संध्याकाळी तीच टाकू लागली. सुरुवातीला नारळ फोडावा तशी दोन्ही हातांनी टाकायची. संक्रांत येईपर्यंत तिला डाव्या कोपऱ्यातला खालचा चेंडू जमायला लागला. तेजश्रीला नेमका तोच जड जाई.

क्लब गेल्या वर्षी राज्याच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये चढला होता. संघात एक नर्स, एक मेडिकलच्या दुकानातली, कॉलेजच्या चौघीजणी, बाकी कारखान्यातल्या. राजनंदिनी मॅडम शाळेत शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात यांना पळवायच्या. समोरचे संघ पुण्या-मुंबईचे, पगार घेऊन खेळणारे. थंडीभर महाडच्या मुली हरत राहिल्या. मग घरच्या मैदानावर नागपूरशी बरोबरी झाली, आणि त्यानंतर मुंबईच्या एका संघाला त्यांनी हरवलं. त्या दिवशी राहीबाई मैदानावर होती. मेडिकलवाली साक्षी एकटी चेंडू घेऊन सुटली आणि तिने गोल केला, तेव्हा सगळे नाचले. राहीबाई मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या तेजश्रीकडेच बघत बसली होती. साक्षीचा गोल तिला घरी आल्यावर कळला.

शेवटचा सामना पुण्याशी, महाडला. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या लीगमध्ये टिकणार होता. हरला तर खाली. आणि त्याच दिवशी जांभळेवाडीत ग्रामदेवी काळकाईची शिमग्यातली पालखी घरोघर फिरायची होती.

पालखीचं येणं म्हणजे राहीबाईसाठी काय, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. तिचा नवरा मुरारी गेला, त्या शिमग्याला पालखी अंगणात आली. पुढे सनई-ढोलाचा खालूबाजा वाजत होता. पालखी वाहणाऱ्या भोयांच्या पायांवर पाणी घालायला आणि देवीची ओटी भरायला घरची सवाष्ण लागते. शेजारीण चालत नाही. पुढच्या खांद्याला हैबती होता, वाडीतल्या पहिल्या मानाच्या घरातला. त्याने मागे वळून बघितलं. पालखी दोन पावलं मागे सरली आणि तशीच फिरली. राजेशचं लग्न होईपर्यंत दर शिमग्याला ती तशीच फिरत राहिली, आणि राहीबाई कवाडाच्या आड उभी राहून बघत राहिली. तेजश्री आली त्या वर्षी पालखी टेकली. पाटावर लाकूड टेकल्याचा तो लहानसा आवाज ऐकून राहीबाई आत गेली होती आणि चुलीपाशी बराच वेळ बसून राहिली होती. सुनेने चहा आणून दिला, काही विचारलं नाही. त्या चहाबद्दल तिला अजून कृतज्ञता वाटे.

पालखीच्या आदल्या संध्याकाळी देवळापुढच्या सहाणेच्या चौथऱ्यावर गावकीची बैठक बसली, तेव्हा राहीबाई पायऱ्यांशी जाऊन उभी राहिली.

"काय गो राही?" गावकीच्या म्होरक्याने, गावकार कुशाबाने विचारलं.

"उद्या पालखी माज्याकडं आधी आनाल का? सुनेचा सामना हाय महाडला, दुपारचा."

"कसला सामना? भांडान लागलंय काय कुनाशी?"

"फुटबॉलचा."

मुंबईहून आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "काकी, टीव्हीवर लाइव्ह हाय का?" आणि दोघेतिघे हसले.

कुशाबा हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता. "हे बग राही, पहिला मान हैबतीआबांचा. मंग घराला घर. शेवटचं तुजं. तुज्यापाशी यायला दिवस कलतो, ते मला म्हाईत हाय. पन हे मी ठरवल्यालं नाय. आज तुजं ऐकलं तर उद्या दुसरा म्हनंल, माज्या पोराची परीक्षा हाय."

सगळ्यांनी हैबतीकडे बघितलं. म्हाताऱ्याने तंबाखू मळली, चिमूट तोंडात टाकली आणि डोंगराकडे बघत बसला.

राहीबाई घरी आली. तेजश्री भाकऱ्या थापत होती.

"तू सकाळी जा," राहीबाई म्हणाली.

"आनि ओटी?"

"ओटी ऱ्हाईल."

"पालखी टेकनार नाय, आत्या."

"तर नाय टेकनार. इतकी वर्सं नाय टेकली, तवा मी जेवत नव्हते का?"

तेजश्रीने तव्यावरची भाकरी उलटली. "मी नाय जात. मॅडमला फोन करते. साक्षीला गोलात हुबी करा म्हनते. ती उंच हाय."

"साक्षी गोलात ऱ्हायली तर पुढं पळंल कोन? तुजी मॅडम?"

तेजश्री हसली. हसता हसता तिने तोंड फिरवलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

सकाळी तेजश्रीने हिरवं लुगडं नेसलं. सामन्याची पिशवी भरून ओसरीवर ठेवली होती, पण ती पिशवीकडे बघत नव्हती. राहीबाई दोनदा म्हणाली, "निघ." ती दोन्ही वेळा म्हणाली, "बघू."

वर देवळात खालूबाजा सुरू झाला. राहीबाईला त्या आवाजाची चाल पाठ होती. देवळातून निघाला की चव्हाट्यावर येतो, तिथून हैबतीच्या घराकडे वळतो आणि टेकाडाआड बारीक होत जातो. मग दुपारभर तो कुठे ना कुठे वाजत राहतो. ती अंगण झाडत होती. आवाज चव्हाट्यावर आला आणि थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा वाजला, आणि तो बारीक होईना. मोठा व्हायला लागला.

शिमग्याला घरी आलेला राजेश पालखीबरोबर होता. तो वरून धावत खाली आला.

"आई, पाट मांड. इकडंच येतायत."

"कोन?"

"देवी. आबांनी चव्हाट्यावर पालखी थांबवली. म्हनाले, पहिला मान माजा, तर मी सांगतो, आज खालनं वर जायाचं. कुशाबा म्हनाला, आबा, ही रीत नाय. तर त्याला म्हनाले, मला रीत सांगतोस? मी मेलो नाय अजून."

पाट शोधेपर्यंत पालखी अंगणात आली. तेजश्रीने भोयांच्या पायांवर पाणी घातलं, वाकून ओटी भरली. वाकताना पदर सरकला आणि आतली पिवळी जर्सी मनगटापर्यंत दिसली. एक भोयी म्हणाला, "ही तयारीनंच हाय." पालखी टेकली.

राहीबाई सवयीने कवाडाच्या आड होती. हैबती काठी टेकत पायरीपर्यंत आला.

"राही, भायेर ये. आपल्या घरात लपून काय बगतेस?"

ती बाहेर आली. पालखीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. इतक्या जवळून तिने देवीचे डोळे कधी पाहिले नव्हते, नवरा असतानाही नाही. तेव्हा ओटी भरताना मान खालीच असायची. तिला काय मागावं ते सुचेना. तिने नुसते हात जोडले.

तेजश्री हैबतीच्या पाया पडायला वाकली, तर तो मागे सरला. "पळ आता. हितं वाकत बसलीस तर तिथं दार उघडं ऱ्हाईल."

राजेशने तिला पाखाडीखाली नेलं. मोटरसायकलचा आवाज वळणावळणाने खाली जात राहिला. खालूबाजा दुसऱ्या घराकडे वळला.

उन्हं उतरली तेव्हा राजेशचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता.

"एक शून्य, आई. हारलो. तेजूनं लय अडवले. अगदी शेवटाला एक गेला."

"कुठनं गेला?"

"उजव्या बाजूनं, वरनं."

राहीबाईला वाटलं, वरचे चेंडू आपण कधी टाकलेच नाहीत. "पोरी काय करतायत?"

"मैदानात बसल्यात. मॅडम सगळ्यांना कलिंगड कापून देतायत. आधी रडत व्हत्या, आता बिया फेकतायत एकमेकींवर. देऊ का फोन तेजूला?"

"नको. खाऊ दे तिला."

फोन ठेवून तिने दिवा लावला आणि चढ चढून वर गेली. पालखी शेवटच्या घरी पोचायची होती, म्हणजे आज हैबतीच्या. भोयी दिवसभराचे दमलेले, सनईवाल्यांचे गाल सुजलेले. हैबती आपल्या घराच्या वाटेच्या तोंडाशी एकटाच उभा होता.

"हारल्या, आबा," ती म्हणाली. "आता खालच्या लीगमध्ये."

"पन हुबी ऱ्हायली ना?"

"ऱ्हायली. शेवटापत्तर."

"मंग झालं."

तिला अजून काही बोलायचं होतं. वाटेभर ती ते जुळवत आली होती. पण पालखी वळणावर आली, आणि हैबतीने काठी तिच्या हातात दिली. डोक्यावरची टोपी नीट केली आणि पुढच्या भोयाला बाजूला सारून स्वतःचा खांदा दिला. त्या वयात त्याने तो द्यायला नको होता. कुणी अडवलं नाही. राहीबाई त्याची काठी धरून मागोमाग चालत राहिली, आज कुठल्याच कवाडाआड न थांबता.

त्या दिवशी उजाडायच्या आधी हैबतीच्या सुनेने अंगण सारवून, रांगोळी घालून, पहिल्या मानाचा पाट मांडून ठेवला होता, आणि तो दिवस कलेपर्यंत तसाच रिकामा होता.