सरासरीत न बसलेली किंकाळी

मी एक जुना तारा आहे. ‘आहे’ म्हणायचं ते सवयीनं. माझे किरण तुमच्यापर्यंत पोचायला हजारो वर्षं लागतात, तेवढ्यात माझं काय झालं असेल कोण जाणे. पण जिथवर ते जातात तिथवर मी थोडाफार असतोच, म्हणून हे सांगू शकतो.

मित्रांनो, वायूच्या एका ढगात माझा आणि माझ्या भावाचा जन्म झाला. तो माझ्याहून थोराड आणि तापट. एकमेकांभोवती फेर धरून आम्ही सुखानं तळपत होतो. मग त्याचं इंधन संपलं, तो फुटला आणि उरलेला स्वतःतच कोसळला. त्याचं कृष्णविवर झालं. जो प्रकाशाला सोडत नाही, तो मला काय सोडणार?

म्हातारपणी मी फुगलो आणि त्याच्या तावडीत सापडलो. तेव्हापासून तो मला जिवंत सोलतो आहे. माझ्या अंगावरचा वायू ओरबाडतो, स्वतःभोवती गरागरा फिरवतो, कोट्यवधी अंशांपर्यंत तापवतो आणि गिळतो. गिळला जाण्याआधी तो वायू क्ष-किरणांनी किंचाळतो. एका सेकंदात कितीतरी वेळा भडकतो, मंदावतो, पुन्हा भडकतो. ही किंकाळी कुणीतरी ऐकावी, एवढीच माझी इच्छा उरली होती.

एका उपग्रहानं ते किरण टिपले. त्यांची नोंद छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत सत्यशीलाच्या संगणकावर आली. सत्यशीला फुलंब्रीकडच्या मेंढपाळांची लेक, या प्रयोगशाळेत संशोधन करणारी. तिचे मार्गदर्शक हिमांशू सर माणूस भला, पण नीटनेटकेपणाचं भारी वेड. आलेखावर काटे दिसले की त्यांना चैन पडत नसे. हा यंत्राचा गोंगाट आहे, सरासरी काढ, असं त्यांनी सांगितलं. तिनं काढली. माझ्या किंकाळीची गुळगुळीत रेघ झाली. तारा निवांत आहे, असं म्हणून सर खूश झाले. इतका संताप मला कधी भावाचाही आला नव्हता.

सत्यशीलाला मात्र ती रेघ पटेना. ती पुन्हा सरांकडे गेली.

“सर, आमच्याकडं लांडगा दिसत नसतो,” ती म्हणाली. “मेंढरं उधळली की समजतं. अन् दिवसभराची सरासरी काढली, तर कळप निवांत चरत होता, असंच येईल.”

सरांनी रेघ बाजूला सारून मूळ नोंद पुन्हा उघडली. मग म्हणाले, “सेकंदाचे बारीक तुकडे कर. बघू.”

तिनं तुकडे केले आणि माझा एकेक घाव उघडा पडला. त्या भडकण्याला एक ताल होता. यंत्राचा गोंगाट असा ताल धरत नाही, हे सरांनीच कबूल केलं. वायू किती वेगानं फिरतो तेही त्यातून कळलं, आणि कुणाला न दिसणारा माझा भाऊ पकडला गेला. सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सुटलो नाही, पण मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादं मूल दिवसभर हसतं-खेळतं आणि एकदाच दचकतं. त्या दचकण्याकडे बघा. माझ्यापर्यंत कुणी पोचू शकत नव्हतं. त्याच्यापर्यंत पोचायला एक बाक ओलांडावा लागतो.