तीनदा नको

आई गेल्यानंतर सात महिन्यांनी मी कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या, आजारी माणसांची देखभाल करणाऱ्यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ, असं भावाने विचारलं. काहीतरी उपयोगाचं शिकते आहे, असं मी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. आईकडे आठवड्यातून दोनदा याच कॉलेजातली एक शिकाऊ मुलगी यायची. ती यायची थांबली कधी आणि का, हे मला कुणी सांगत नव्हतं. आई तर फोनवर शेवटपर्यंत म्हणत होती, "येते की गं ती. गोड पोरगी आहे. तू नको धावपळ करू." मी दुसऱ्या गावी होते. मी धावपळ केली नाही.

आम्हाला शिकवणाऱ्या बाई पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर '३' असा आकडा काढला आणि तो वर्षभर पुसू दिला नाही. ज्याच्या घरी जायचं तो लाभार्थी. त्याला मदत देऊ करायची ती तीनदा, शब्द बदलून. तीनदा नकार आला, की 'सेवा नाकारली' असं लिहून सही करायची आणि फाइल बंद. चौथ्यांदा विचारणं म्हणजे दडपण.

"माझ्या लग्नाचं असंच झालं," मागच्या बाकावरचा माजी बसचालक म्हणाला. "तीनदा विचारलं, तीनदा नको म्हणाली. फाइल बंद."

"आणि मग दुसरी भेटली का?" कुणीतरी विचारलं.

"दुसरीने मलाच विचारलं. एकदाच. माझी काय बिशाद नाही म्हणायची."

सगळे हसले. मीही हसले. माझी आई चौथ्यांदा 'बरं' म्हणणाऱ्यांतली होती. चहा असो, बसायला खुर्ची असो, आधाराला पुढे केलेला हात असो. तीन वेळा नको म्हटल्याशिवाय तिला काही घेताच यायचं नाही. घरात आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, त्यामुळे आम्ही मोजत नसू, विचारत राहायचो.

हळूहळू मी त्या वर्गात रुळत गेले, आणि मार्चमध्ये बाईंनी एका फाइलची छायाप्रत सगळ्यांना वाटली. नावावर काळी शाई फिरवली होती. "नोंद कशी लिहावी, तर अशी," त्या म्हणाल्या.

वय एकोणऐंशी. दार उघडायला चार मिनिटे. डाव्या मनगटाजवळ जुना हिरवट डाग, पडल्याचे सांगतात. घरात दोन घड्याळे, दोन्ही दहा मिनिटे पुढे. आंघोळीला मदत देऊ केली. 'नको गं, तुला उगाच त्रास.' एक. 'नको, माझं मी करते.' दोन. 'नको बाळ, तुला उशीर होईल.' तीन. सेवा नाकारली.

खाली तारीख होती. त्या तारखेनंतर एकोणीस दिवसांनी आई न्हाणीघरात पडली. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या छतातून पाणी झिरपायला लागलं म्हणून कळलं, तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार झाली होती.

"एक विशेषण नाही, एक मत नाही," बाई म्हणाल्या. "लाभार्थीचा शब्द जसाच्या तसा. आणि ही नोंद लिहिणारी आपल्यातच बसली आहे. एक्सप्रेस, उभी राहा."

माझ्या शेजारची मुलगी उभी राहिली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. भरभर चालते आणि त्याहून भरभर बोलते म्हणून तिला सगळे एक्सप्रेस म्हणत. ती माझ्यासाठी जागा धरून ठेवायची, मला ताई म्हणायची. आदल्या वर्षी तिला अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेत नापास केलं होतं, कारण एका म्हाताऱ्याला तिने आपला घरचा फोन नंबर दिला होता. आता दुसरी आणि शेवटची संधी. वृद्धाश्रमातली नोकरी तिच्यासाठी एक तारखेपर्यंत राखून ठेवली होती. ती बहिणीकडे राहायची आणि मेहुणे रोज जेवताना तिला विचारायचे, "काय मग, कधी निघते आमची गाडी?"

मी टाळ्या वाजवल्या की नाही, आठवत नाही.

परीक्षेच्या दिवशी लाभार्थी कोण होणार याच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझी निघाली. एक्सप्रेस खूश झाली. "ताई, बरं झालं तुम्ही आलात. दुसरं कुणी असतं तर माझी बोबडीच वळली असती." मग व्हरांड्यात मला बाजूला घेऊन हळू म्हणाली, "त्या फाइलमधल्या आजी गेल्या, माहीत आहे? मला नंतर कळलं. बाई म्हणाल्या, तू लिहिलंस ते बरोबरच. असेल. पण तेव्हापासून मला तीनवर थांबताच येत नाही."

"मग काय करतेस?"

"बघू. तुम्ही आहातच ना."

परीक्षेची खोली घरासारखी मांडली होती. खाट, टेबलावर मेणाची फळं, नळ नसलेलं बेसिन. मी खाटेवर बसले. तिने दार वाजवलं. उघडायला मी चार मिनिटं लावली. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"आजी, आंघोळीला मदत करू?"

"नको गं, तुला उगाच त्रास."

तिने माझ्याकडे पाहिलं. पाठ केलेली फाइल मी म्हणते आहे, असंच तिला वाटलं असणार. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मी आईचेच शब्द, आईच्याच सुरात परत केले. बाईंनी पेन उचललं.

एक्सप्रेस उठली नाही. खाली जमिनीवर बसली, आणि पहिल्यांदाच सावकाश बोलली. "उशीर मला होतच नाही, आजी. पुढची भेट उद्यावर टाकली आहे. तुम्ही आत आंघोळ करा. मी दाराबाहेर बसून तुमच्याशी गप्पा मारते. हाक मारलीत तरच आत येईन. चालेल?"

चाललं असतं. 'बरं' माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

"नको म्हटलं ना," मी म्हणाले. आई असं कधीच म्हणाली नसती.

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "चौथ्यांदा विचारलंस. नियमाबाहेर आहे. पण मुली, विचारलंस छान." मग माझ्याकडे वळल्या. "शेवटी लाभार्थी म्हणेल ते. तुमच्यावर दडपण आलं का? हो की नाही, एवढंच."

एक्सप्रेस माझ्याकडे बघत होती. तिला खात्री होती.

"हो," मी म्हणाले.

बाईंनी कागदावर फुली मारली. एक्सप्रेस उभी राहिली, कपड्यांना लागलेली धूळ झटकली.

"ताई, खरंच?"

"खरंच."

"मग बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मला वाटलं होतं आता जमलं. त्या आजींनाही त्रासच झाला असता म्हणजे. मी उगाच वर्षभर मनाला लावून घेतलं."

ती गेल्यावर बाईंनी माजी बसचालकाला हाक मारली. मी पुन्हा खाटेवर बसले. त्याने तीनदा विचारलं. मी तीनदा नको म्हणाले. त्याने सही केली, आणि त्याला पूर्ण गुण मिळाले.