पानाखालचा पिवळा

पिवळ्या बल्बखाली फिकं पिवळं टिकत नाही, धुवून निघतं. पांढऱ्या कागदावर पिवळ्या खडूनं शिवी लिहून अशा बल्बखाली द्या. घेणारा कोरा कागद समजून घडी घालून खिशात ठेवेल.

सोनं तापताना आधी मळकट लाल होतं, मग उजळ लाल, मग बघता बघता पाणी. भर उजेडात हा लाल डोळ्याला सापडत नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दगड आधी स्वतःच्या पुढच्या दाताला लावला. "गार आहे," म्हणाल्या, आणि मग माझ्या हातात दिला.

वहिनी म्हणते, माझं गप्प बसणं शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू जातं.

पान अप्रतिम होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते सांगायची माझी इच्छा राहणार नाही.

*

दुकान आमचं कंपासपेटीसारखं लांबट. पुढे काउंटर, तिथं वहिनी. मध्ये माझं दगड घासायचं चाक, त्याला लागून खिडकी. मागे जाड पडदा, आणि पडद्यापलीकडे अंधार करून बसलेला दादा, त्याची फुंकणी, त्याचा पिवळा बल्ब. मी दगड कापते, दादा ते सोन्यात बसवतो. वडील होते तेव्हापासून असंच. मी पडद्यातून दगड आत देते, काही दिवसांनी अंगठी बाहेर येते. दादा माझ्या खिडकीपाशी येत नाही. बोलावलं तरी नाही. आखडू आहे.

डॉक्टरीणबाईंचा दगड म्हणजे एकाच अंगात नीलम आणि पुष्कराज. एक टोक शाईसारखं निळं, दुसरं फिक्या लिंबासारखं पिवळं, आणि मध्ये पट्टी ठेवून आखावी तशी रेघ. असा दगड तिरका कापला तर दोन्ही रंग एकमेकांत सांडतात आणि डबक्याचा हिरवा तयार होतो. गोल कापून भरपूर पैलू पाडले तरी तेच. चमक येते, रंग जातात.

"दोन्ही दिसले पाहिजेत," बाई म्हणाल्या होत्या. "मिसळायचे नाहीत."

त्यांच्या आधीच्या सराफानं मावशीच्या अंगठीतला दगड बदलला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या आमच्याकडे आल्या. हा कच्चा दगडही त्या मावशीचाच.

मी तो लांबट चौकोनी कापला. कोपरे छाटलेले, बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या, रेघ बरोबर मध्यावर आडवी. उजेड निळ्यात शिरला तर निळ्यातूनच परत यावा, पिवळ्याच्या घरात डोकावू नये. यात दगड खूप खर्ची पडला. पडू दे. सोबत मी दादाला रंगीत पेन्सिलींनी काढलेलं चित्र दिलं: चार कोपऱ्यांना दगड धरायला सोन्याच्या चार नख्या, पाठ उघडी, बाकी कुठेही सोन्यानं दगडाला शिवायचं नाही.

आज दुपारी वहिनीनं डबी उघडून माझ्यापुढे ठेवली.

निळी अंगठी.

(इथं मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. वहिनीनं उठून पुढचं दार लोटलं.)

पिवळं टोक नव्हतंच. त्याच्या जागी सोन्याचं पान. एका बाजूनं दगडावर अलगद झुकलेलं, शिरा कोरलेल्या, कडा जराशी मुडपलेली. पाठसुद्धा सोन्यानं बंद. बघणाऱ्याला वाटावं, निळ्या पाण्यावर आत्ताच पान पडलंय. संध्याकाळी बाई येणार होत्या. त्या पिवळं शोधणार आणि एकच वाक्य बोलणार: दगड बदलला. आमच्या धंद्यात हे वाक्य एकदा चिकटलं की खरवडून निघत नाही. आणि चिकटणार मला. दगड माझ्या तळहातावर ठेवला होता त्यांनी.

मी पडद्याआड गेले.

"दादा, हे काय आहे?"

"पान आहे." मान वर नाही.

"मी शेळी नाहीये, पान बघून खूश व्हायला. पिवळं कुठाय?"

त्यानं चिमटा खाली ठेवला आणि समजूतदार आवाज काढला. त्याचा तो आवाज मला शिवीपेक्षा जास्त लागतो.

"हे बघ काचकुटे, होतं असं कधीकधी. तुझ्या चित्रात पिवळं होतं, दगडात नव्हतं. मी समजलो, चाकावर गेलं."

"काय गेलं?"

"पिवळं. जास्त घासलं गेलं असेल. टोक पांढरं पडलं होतं, पाण्यासारखं. उघडं ठेवलं असतं तर तुझीच शोभा झाली असती. म्हणून झाकलं."

"मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर चिडली असतीस."

"आणि आत्ता मी काय अंगाई गातेय?"

"हळू बोला," पडद्यापलीकडून वहिनी म्हणाली. "भिंतीला कान असतात आणि शेजाऱ्याला दोन जास्तीचे."

दादा स्टुलावर जरा मागे रेलला. "आणि मी काही पहिल्यांदा नाही झाकत. त्या वकीलबाईंचा लांबट दगड होता, त्याचं टोक मी कोंदणात आत घेतलं. तुझ्या मैत्रिणीच्या पदकाला वेल काढली, ती काय मला हौस होती? कधी बोललो तुला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

तोवर मी रागावलेली नव्हते, हे मला तेव्हा कळलं. आधीचा राग म्हणजे नुसती धूळ होती.

वकीलबाईंच्या दगडाचं टोक फिकं पिवळंच होतं. पदकातल्या दगडाच्या कडेला पिवळी झाक होती आणि त्या झाकेसाठी मी तो दगड तीनदा फिरवून बघितला होता. माझे दगड लोकांच्या बोटांत, गळ्यांत, अर्धे पुरलेले. आणि हा माणूस इतकी वर्षं माझ्यावर दया करत बसला होता. पाठीमागून. अंधारात. इतकं सुंदर कोरीव काम करून.

"उघड," मी म्हणाले.

"कोपरा उडेल."

"उडू दे. उघड."

त्यानं कोरणी घेतली. मी श्वास धरून उभी, आणि तो मात्र शेंग सोलावी तसा निवांत. पान उचकटलं, मुडपलं, निघालं. मग पाठीचा पत्रा. दगड त्याच्या तळहातावर आला. कोपरे शाबूत. त्यानं तो बल्बखाली धरला.

"बघ."

जिंकल्यासारखं नाही म्हणाला. कीव आल्यासारखं म्हणाला.

मी बघितलं. पांढरं. निळं संपलं की पुढे स्वच्छ, बेरंग, पाण्यासारखं टोक. मला आठवायला लागलं, शेवटचं पॉलिश करताना मी दगड चाकावर किती वेळ धरला होता, हात जड पडला होता का. माझ्या हातानं कापलेल्या दगडाबद्दल, माझ्या डोळ्यांनी रोज बघितलेल्या दगडाबद्दल, मी स्वतःची उलटतपासणी घेत होते. त्या एका बल्बपायी.

"खिडकीपाशी चल," मी म्हणाले.

"इथंच बघ की."

"चल म्हणते ना."

"नाही येत."

मी पडदा धरला आणि ओढला. दांडीसकट खाली आला. भिंतीतला खिळा निघाला, सिमेंटचा पोपडा दादाच्या चहात पडला. खिडकीतला दुपारचा उजेड सरळ आत आला, त्याच्या बाकावर, फुंकणीवर, त्याच्या हातावर.

पिवळा.

हळूहळू वगैरे नाही. होताच तो तिथं. रेघेच्या या बाजूला निळा, त्या बाजूला पिवळा, आणि कुणी कुणाच्या घरात नाही.

दादा दगड थोडा कलता करून बघत राहिला. मग बल्ब बंद केला. मग परत लावला. मग परत बंद केला.

"मला इथं पांढरा दिसायचा," तो म्हणाला.

"दिसणारच. बाहेर कधी आलास?"

मोडकं पान त्यानं वितळवायच्या डबीत टाकलं.

बाई आल्या तेव्हा अंगठी नव्हती, सुटा दगड होता. त्यांनी खिडकीत उभं राहून दोन्ही टोकं बघितली, "तोच आहे," म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात येते सांगून गेल्या. माझं नाव वाचलं. राग तिथं संपायला हवा होता. उलट त्याला आता बसायला ऐसपैस जागा मिळाली.

"यापुढे दगड आत येणार नाही," मी म्हणाले. "तू खिडकीपाशी यायचंस, उजेडात बघायचं, मग घेऊन जायचं."

"रास्त आहे," वहिनी म्हणाली.

दादा स्टुलावर चढून दांडी परत बसवत होता. तोंडात खिळे. ते काढून म्हणाला, "तू आत आण. मी बल्ब बदलतो. पांढरा लावतो."

"आणि सोन्याचा लाल कसा बघशील? खिडकी काय चावते तुला?"

"चाकापाशी मी येणार नाही."

"मग हा दगडही येणार नाही."

त्यानं खिळा ठोकला. वाकडा गेला. दुसरा घेतला. मी दगड मुठीत घट्ट धरून चाकापाशी जाऊन बसले.

माझ्याआधी त्या चाकावर दादा बसायचा. वडिलांनी त्याला उठवून तिथं मला बसवलं.