भोंग्याची साखळी कोण ओढणार?

मी एक जुना भोंगा आहे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या बॉयलरघरावर, छपराच्या अगदी कडेला मी उभा असतो. मित्रांनो, भोंगा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा विजेचा लाल डबा येत असेल. मी तसला नाही. मी पितळेचा आहे आणि वाफेवर बोलतो.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, ते थंड झाल्यावर कारागिराने मला घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि तळाशी एक बारीक फट ठेवली. त्या फटीतून वाफ जोरात सुटते, वर उपड्या पेल्यासारख्या बसवलेल्या घंटेच्या धारेवर आपटते आणि घंटेच्या पोकळीत थरथर सुरू होते. ही थरथर म्हणजेच माझा आवाज. पोकळी जितकी उंच, तितका आवाज खर्जातला. शेजारच्या लाँड्रीवर एक छोटी शिट्टी आहे. ती बुटकी, म्हणून तिचा आवाज किनरा. त्यात तिचा काही दोष नाही. पण मला माझ्या उंचीचा अभिमान आहे, तो कशाला लपवू?

खोक्यांच्या कारखान्यात वाफ लागतेच. कागदाला नागमोडी घड्या घालायच्या तर आधी तो वाफेने मऊ करावा लागतो. त्याच वाफेतला एक घोट माझ्या वाट्याला यायचा. पाळी सुरू झाली, जेवायची वेळ झाली, सुटी झाली, की बॉयलरकाका माझी साखळी ओढायचे. सगळी गल्ली माझ्यावर घड्याळं लावायची. एकदा काकांनी चुकून मला लवकर वाजवलं, तर समोरच्या बेकरीवाल्या शेठनी पाव अर्धे कच्चेच भट्टीबाहेर काढले. माझ्यावर लोकांचा विश्वास होता तो असा!

आमच्याकडे खळ लावण्याच्या टेबलावर एक मावशी काम करतात. त्यांच्या नातीला नीट ऐकू येत नव्हतं. मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तिला कानामागे लावायचं यंत्र दिलं. पण यंत्र लावलं म्हणजे काम संपलं असं नसतं. आवाज ऐकू येणं वेगळं आणि शब्द कळणं वेगळं. ते शिकवायला संस्थेचा एक वर्ग होता आणि वर्गाला एक बाई होत्या. बाईंचा पगार निघावा म्हणून आमच्या कारखान्याने संस्थेशी हात मिळवला.

युक्ती कामगारांचीच. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सुटीचा भोंगा काकांनी नाही, तर सोडतीत नाव निघेल त्याने ओढायचा. पुठ्ठ्याच्या कातरणांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि विकायच्या. आलेले पैसे वर्गाला.

"सगळ्यांना एकदम सुटी द्यायची, ती माझ्या हाताने! काय सुख असेल!" पॅकिंगवाला मूठभर चिठ्ठ्या घेत म्हणायचा.

"तू सुटी देणार? घरी तुलाच उठवायला आईचा घसा बसतो," मावशी म्हणायच्या.

त्या शुक्रवारी मी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजायचो. ज्याला साखळी मिळाली, तो लवकर सोडायचाच नाही!

मग नवे मॅनेजरसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. "खिशाखिशात फोन आहेत, मग भोंगा कशाला?" असं विचारून त्यांनी मला बंद केलं. सोडतीऐवजी फाटकापाशी देणगीचा डबा ठेवला. लोक घाईने त्याच्यासमोरून जायचे. उद्या टाकू म्हणायचे. मी काळा पडलो. एक कावळा माझ्या डोक्यावर चोच घासू लागला आणि मला काही बोलता येईना.

वर्षभराने संस्थेचा निरोप आला: पैसे पुरत नाहीत, वर्ग महिनाअखेर बंद होईल. मावशींची नात तेव्हा कुठे शब्द उचलू लागली होती. मावशी हाताची खळ न धुताच साहेबांकडे गेल्या.

"साहेब, डबा चांगलाय. पण त्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याच्यापाशी कोणी हसत नाही. माणूस हसता हसता देतो हो."

साहेबांनी खिडकीतून फाटकापाशी ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "या शुक्रवारी होऊ दे सोडत. आणि आपणच का? बेकरी, लाँड्री, सगळ्यांना बोलवा."

त्या शुक्रवारी सकाळपासून काकांनी मला राख लावून चकचकीत केलं. शेठ आले, लाँड्रीवाल्या ताई आल्या, नातीला घेऊन वर्गाच्या बाई आल्या. अंगण भरलं. साहेबांनीही एक चिठ्ठी घेतली. नाव कुणाचं निघालं म्हणता? मॅनेजरसाहेबांचं!

"साहेब, आता सुटी तुमच्या हातात!" पॅकिंगवाला ओरडला.

साहेबांनी बाह्या सावरून साखळी ओढली. आणि घोटाळा झाला. मला लकाकी आणण्याच्या नादात काका नळीचा निचरा करायचा विसरले होते! वर्षभराचं साचलेलं पाणी वाफेने पुढे ढकललं. मी गुरगुरलो, खोकलो आणि सगळं गंजाचं पाणी साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर ओकलो.

काकांनी जीभ चावली. साहेबांच्या नाकावरून तांबूस थेंब ओघळत होते. आता ते निघून जाणार आणि वर्गही जाणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात एक चिमुकला आवाज आला, "अजून!"

मावशींची नात माझ्याकडे बोट दाखवत होती. तिने माझं ते खोकणंही ऐकलं होतं. मावशींनी पदराला डोळे पुसले. साहेब आधी हळूच हसले, मग खो-खो हसले. काकांनी धावत जाऊन नळीतलं उरलेलं पाणी सोडलं. बाईंनी नातीच्या यंत्राचा आवाज कमी केला आणि साहेबांनी पुन्हा साखळी ओढली.

मित्रांनो, त्या दिवशी मी जसा वाजलो तसा नवा असतानाही वाजलो नसेन!

"पुढच्या महिन्यात आम्हीही चिठ्ठ्या घेणार," शेठ तिथेच म्हणाले.

"आधी कोरडा शर्ट घेऊन या," लाँड्रीवाल्या ताई म्हणाल्या. "नाहीतर आहेच आमची लाँड्री!"

तिन्ही ठिकाणांनी मिळून बाईंचा पगार उचलला. वर्ग चालू राहिला.

आता माझं एक मागणं आहे. पितळ नाही पुसलं तरी चालेल. काळा भोंगाही तितकाच वाजतो. पण मला फार दिवस गप्प ठेवू नका. वापरात नसलेल्या नळीत पाणी साचतं आणि गंज धरतो. मदत करायच्या सवयीचंही तसंच असावं, असं मला वाटतं. तुमच्या घरची मोठी माणसं जिथे काम करतात, तिथे अशी एखादी साखळी आहे का, ते त्यांना विचारा. नसेल तर बांधायला लावा. आणि कधी ती ओढायची पाळी तुमच्यावर आली, तर लाजू नका, दोन्ही हातांनी ओढा. आवाज काढायचं काम आमचं!