गुडघे माझे, मस्ती टॉर्विनची

मी एक जुनी रायफल आहे, असं मला पाहणारा प्रत्येक जण म्हणतो. साफ खोटं! मित्रांनो, मी जुनी नाही, जुनी दिसते. इटलीतल्या एका कारखान्यात मी घडले, त्याला वीस वर्षंही झाली नाहीत. पोलाद नवं, पण नमुना दीडशे वर्षांपूर्वीचा. चापाखालची कडी खाली-वर केली की नवं काडतूस आत सरकतं. गोळी सुटते तेव्हा माझं मागचं दार दोन सांधे धरून ठेवतात. तुमच्या गुडघ्यांसारखेच ते वाकतात, आणि ताकद त्यांना जुन्या काळाएवढीच.

व्हर्ला हॉगनला हे पहिल्याच दिवशी कळलं. मोंटानात नदीकाठी राहणारी ही बाई शाळेची बस चालवते आणि दर नोव्हेंबरात एक हरीण मारून घरच्यांच्या हिवाळ्याची सोय करते. माझी काडतुसं ती स्वतः भरायची. पुस्तकात माझ्या नमुन्यासाठी सांगितलेली बेताची दारू, काट्यावर तोलून. गोळी शिशाची आणि चपट्या तोंडाची, कारण माझ्या पोटात काडतुसं एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्याच्या बुडाला टोचली तर आतच भडका. डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर माझं नाव. चौदा हिवाळे मी त्या घराला जेवू घातलं, तिनं मला एकदाही दुखवलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात तिचा धाकटा भाऊ टॉर्विन आला. त्याची रायफल दुरुस्तीला गेली होती. व्हर्लानं मला त्याच्या हातात दिलं आणि डबाही पुढे केला.

"नको गं. दुसऱ्यानं घरी भरलेलं काडतूस मी डागत नाही. बाबांनीच शिकवलंय ना?"

"खरंय. मग दुकानातून आण, पण जुन्या नमुन्याला चालणारं, हलकं बघ."

"मी काय काल जन्मलोय?"

नियम चांगलाच आहे, मित्रांनो. पण नियम पाळला म्हणून अक्कल गहाण ठेवायची का? या शहाण्यानं दुकानातला सगळ्यात जोरदार डबा उचलला. काडतुसाचं नाव तेच, माप तेच. डब्यावर लाल अक्षरांत छापलं होतं, 'फक्त नव्या, भक्कम बंदुकांसाठी.' त्यानं ते वाचलंसुद्धा! "ही नवीच तर आहे," म्हणाला.

रानात हरणावर झाडलेल्या पहिल्याच बाराला माझे दात हलले. दुसऱ्याला गुडघे करकरले. तिसऱ्याला कडी अडकली, तर या बहाद्दरानं बुटाच्या टाचेनं ती ठोकली. काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडली, ती त्यानं खिशात घातली. हरीण केव्हाच पळालं होतं. घरी येऊन मला खुंटीला लावलं आणि म्हणाला, "आज काही दिसलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ला मला घेऊन शिकारीला निघाली. टॉर्विन धिरडी खात बसला होता. मी आतून जळत होते. अरे, बोल! तोंड तुला आहे, मला नाही!

दारात तिनं सवयीप्रमाणे कडी एकदा रिकामीच ओढली. ती खुळखुळली.

"टॉर्विन, हिला काय खायला घातलंस?"

"दुकानातलंच. का गं?"

"अडकली होती?"

"जराशी. टाचेनं ठोकली, निघाली." त्यानं मान खाली घालून खिशातली पुंगळी टेबलावर ठेवली. बूड फुगलेलं, त्याच्यावर बारीक चीर.

"आणि तशीच खुंटीला लावलीस?"

"तू ओरडली असतीस."

व्हर्ला ओरडली नाही. तिनं मला खांद्याला लावलं, गाल दस्त्यावर टेकवला. माझं सैल दार तिच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"नीट बघ," ती म्हणाली. "आज मी इथं असणार होते."

टॉर्विन उठून जवळ आला आणि त्यानं ते दार बोटानं हलवून पाहिलं.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं मला उघडून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. आता मी खुंटीवरच असते. कडीवर डब्यावरच्यासारखीच चिकटपट्टी आहे, व्हर्लाच्या अक्षरात, 'डागू नये.'

मित्रांनो, आत बसतं ते सगळं चालतं असं नाही, म्हणून मोठ्यांनाही डबा वाचायला लावा आणि आपल्या हातातलं नेमकं काय आहे ते विचारायला लावा. तरीही चूक होते. टॉर्विनची चूक मी केव्हाच माफ केली. त्या संध्याकाळी तो गप्प बसला, ते मात्र अजून नाही.