एका साच्यातल्या तीन ओळी

वाक्य तुम्ही लिहिलंत आणि सही तिची मागताय. मॅनेजरसाहेब, हे तोंडावर बोललो असतो, पण वरच्या मजल्यावर पंप दुरुस्त करणाऱ्याला चढू देत नाहीत. म्हणून लिहितोय.

काल दुपारी फाऊस्ता पाल्मारेस तुमचा कागद समोर ठेवून बसली होती. बर्फाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं टायपिस्ट, एस्तान्सिया बंदराच्या अख्ख्या धक्क्याची मानांग, थोरली बहीण. चाळिशीतल्या मलाही ती ‘तोतो’च म्हणते, आपल्याकडे पोराला म्हणतात तसं. मला जे काही इंग्रजी येतं ते तिनेच शिकवलं, मधल्या सुट्टीत, पालथ्या डब्यांवर बसून.

अमोनियाच्या खोलीबाहेर, वास आला तर काय करायचं, याचा फलक तुम्ही लावलात: ‘डू नॉट ओपन द डोअर, स्टॉप द मशीन अँड कॉल द इंजिनिअर.’ तुमच्या मनात होतं, दार उघडू नका, मशीन बंद करा, इंजिनिअरला बोलवा. पण पहिलं ‘डू नॉट’ तिघांच्याही डोक्यावर जाऊन बसलं. मशीनही बंद करू नका, बोलवूही नका.

मानांगने मला बर्फाच्या लाद्या दाखवल्या होत्या. एका साच्यातल्या लाद्या रचता येतात, त्यात एक वेगळी घुसली की थप्पी घसरते. “वाक्याचंही तेच, तोतो. दोन ‘करा’ आणि एक ‘नका’ एकत्र कोंबलं, की घसरतो तो वाचणारा. लिहिणारा वर पंख्याखाली असतो.”

तिने नवं लिहिलं: ‘स्टॉप द मशीन. कॉल द इंजिनिअर. कीप द डोअर शट.’ तिन्ही ‘करा’. दोनदा वर घेऊन गेली. एकदा तुम्ही म्हणालात, फलकाचा रंग वाळलाय, आता बदलणार नाही. दुसऱ्यांदा म्हणालात, व्याकरण शाळेत जाऊन शिकवा. तिसऱ्यांदा तिने स्वतःच कागद फलकाखाली चिकटवला. संध्याकाळपर्यंत फाडलेला होता.

मग तो मंगळवार. जेवण झालं होतं, मी धक्क्यावर पंप उघडून बसलो होतो. आत बर्फ ओढणारा क्लेमेंते एकटा. वास आला. तो मूर्ख नव्हता. आदल्या वर्षी वास आला म्हणून त्याने मशीन थांबवलं, तर बर्फ मऊ पडला म्हणून तुम्ही त्याला सगळ्यांसमोर झापलंत. इंजिनिअरला झोपेतून उठवलं, तर त्याच्याही शिव्या खाल्ल्या. त्यामुळे फलक त्याला पटला. बोट ठेवून त्याने तो दोनदा वाचला आणि बाकावर वाट बघत बसला. मशीन चालूच. अमोनियाच्या नळीचा जोड सुटला.

मी पोचलो तेव्हा त्याने डोळ्यांवर ओलं पोतं धरलेलं. तो मला एवढंच म्हणाला, “तोतो, फलकाप्रमाणेच केलं ना मी?”

त्याला आता दिसत नाही.

आणि आठवड्याने तुम्हाला फलकाच्या मजकुराची फायलीतली प्रत सापडली, म्हणे तो तिनेच लिहिला. तळाशी डाव्या कोपऱ्यात तिच्या नावाची ‘एफ पी’, लहान अक्षरात. टाइप करणारीची अक्षरं लहान, मध्ये तिरकी रेघ आणि तिच्याआधी मजकूर लिहिणाऱ्याची अक्षरं मोठी, ही पद्धत धक्क्यावरच्या कारकुनांनाही ठाऊक आहे. प्रतीत रेघ आहे, लहान अक्षरं आहेत. मोठ्यांच्या जागी पात्याने खरवडलेलं आहे, कागद उजेडात धरला की तिथून पलीकडचं दिसतं.

कबुलीचा कागद तुम्ही खाली पाठवलात. सोमवारपर्यंत सही, नाहीतर नोकरी नाही. त्यातही तेच: मी निष्काळजी आहे, सूचना न वाचणे, आणि जबाबदारी माझ्यावर घेतली. तीन तुकडे, तीन साचे. मी उगाच येरझारा घालत होतो. तिने पेन्सिल उचलली तेव्हा वाटलं, संपलं, करतेय सही.

तिने खोडलं, वर लिहिलं, पुन्हा खोडलं. मी निष्काळजीपणा केला, मी सूचना वाचली नाही, मी जबाबदारी घेतली. मग कागद माझ्याकडे सरकवला.

“आता नीट वाचता येतं,” ती म्हणाली. “नीट वाचता आलं, की खोटं आहे हेही दिसतं.”

तिने टाइपरायटरवर कापड घातलं, आपला कप धुऊन पिशवीत टाकला आणि निघाली. जाताना फलकापुढे थांबली, पण वर बघितलं नाही.

तिने सुधारलेला तुमचा कागद सोबत जोडतोय. सहीची जागा कोरी आहे. आता उत्तर द्या, तीन ओळी पुरेत. फलक कोणी लिहिला? दुरुस्ती कोणी फाडली? अक्षरं कोणी खरवडली?